आठ वाजता संपलेली हळद

आमच्या नेरूळच्या घरात आंघोळीचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं होतं, आणि त्याला कारण मी. दोन खोल्यांचं घर, आणि त्याच्या न्हाणीघरात मी फोटो धुवायचे. खिडकीच्या काचेला काळा कागद, दिव्याला लाल जिलेटिन, दोन बादल्यांवर आडवी फळी आणि फळीवर तीन ट्रे. संध्याकाळी सहा ते आठ न्हाणीघर माझं. त्या दोन तासांत कुणाला पाय धुवायचे असतील तर स्वयंपाकघरातल्या मोरीत धुवावेत, असा नियम होता. आई तो पाळायची, पण मुकाट्याने नव्हे. हायपो नावाच्या रसायनाचा आंबूस वास तिच्या नाकात कायमचा बसला होता. आमच्याकडे आमटीला फोडणी दिली तरी वास फोटोचाच येतो, असं ती जिन्यात शेजारणींना सांगायची. त्यात तक्रार किती आणि मिरवणं किती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आप्पा मुंबईला एका कचेरीत कारकून होते. सातच्या सुमाराला घरी यायचे, शर्ट खुंटीला लावायचे, आणि चहाचा कप घेऊन न्हाणीघराच्या बंद दाराशी स्टूल टाकून बसायचे. आत अंधारात मी रोल डब्यात घालून हलवत असायचे आणि बाहेरून आप्पा मनगटावरच्या घड्याळात बघून मिनिटं सांगायचे. "पाच झाली. साडेपाच. सहा. शैले, ओत आता." आयुष्यात त्यांनी एकही फोटो काढला नाही, कॅमेरा हातात धरायलाही ते घाबरायचे, पण माझा एकही रोल त्यांच्या घड्याळाने कधी जास्त किंवा कमी धुतला गेला नाही. मधेच कुकरची शिट्टी व्हायची, वरच्या मजल्यावर कुणीतरी पेटीवर तोच तो एक सूर धरून बसलेलं असायचं, आणि खाडीकडून आलेला वारा जिन्यातलं दार आपटत राहायचा. मला त्या घरातली संध्याकाळ आठवते ती अशी, डोळ्यांपुढे अंधार आणि कानांत सगळं घर.

धुतलेले फोटो गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालायचे. शाळाप्रवेशाच्या दिवसांत अख्ख्या सेक्टरची माणसं आमच्या दोरीवर लटकलेली असायची, आईच्या पोलक्यांच्या आणि आप्पांच्या बनियनच्या मधोमध. आई कपडे काढायला गेली की एकेकाचं परीक्षण करायची. हा बँकेतला, हसला असता तर काय बिघडलं असतं. ही मुलगी गोड आहे, पण वेणी कोणी घातली हिची? मी दादरच्या एका स्टुडिओत दोन वर्षं नोकरी करून हे काम शिकले होते. कॅमेरा जुना, आप्पांच्या कचेरीतल्या साहेबांनी निवृत्त होताना स्वस्तात दिलेला. मुलगी बी.ए. झाली आणि फोटो काढत फिरते, हे आमच्या वाईकडच्या नातेवाइकांना पचत नव्हतं. एका आत्याबाईंनी तर स्पष्ट विचारलं होतं, लोकांच्या लग्नात फोटो काढणार, मग हिच्या लग्नात कोण काढणार? आईने त्यांना पोहे दिले आणि विषय बदलला. रात्री मला म्हणाली, "काढ तू फोटो. पण चांगले काढ, म्हणजे मला पोहे वाया घालवायला नकोत."

मी घरातून दुकानात आले ती हिराजीशेठमुळे. नेरूळच्या नव्या इमारती जिथे संपतात तिथे सारसोळे सुरू व्हायचं. जुनं गाव, कौलारू घरं, अंगणात जाळी, आणि मधेच एखादी तीन मजली नवीकोरी इमारत. तसली एक इमारत हिराजीशेठची. त्यांची शेती नव्या वसाहतीत गेली, मोबदला मिळाला, बापाबरोबर ज्या मिठागरावर राबले तेही बंद झालं, आणि चाळिशीत हा माणूस शेठ झाला. गळ्यात जाड साखळी, खिशात दोन पेनं, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर नाही. मिठागरात पाणी अडवायची लाकडी फळी असते, तिच्याखाली ते लहानपणी सापडलं होतं. इमारतीच्या तळमजल्यावर चार गाळे होते. एकात पिठाची गिरणी, एकात शिंपी, एकात सायकलवाला, आणि चौथा मला मिळाला. बाई एकटी दुकान कशी चालवणार, असं गिरणीवाला म्हणाला, तेव्हा शेठ त्याला म्हणाले होते की माझी आय पन्नास वर्सं एकटी बाजार चालवते, तुला दिसत नाय का?

ही त्यांची आय म्हणजे चांगुणाआजी. काळीसावळी, काटकुळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेली, कपाळावर गोंदण. गावात तिला मान होता तो शेठची आई म्हणून नव्हे. ती धवलारीण होती. तिकडे आगऱ्या-कोळ्यांच्या घरी लग्न असलं की धवले नावाची लग्नाची गाणी म्हणायला ठरलेली बाई असते. मांडव घालण्यापासून वरात जाईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ. भटजी नंतर येतो, आधी ती. सारसोळ्यातल्या आणि आसपासच्या कितीतरी जोडप्यांची लग्नं तिच्या गळ्यातून लागली होती. माझ्याशी मात्र तिचं पहिलं बोलणं भांडणाचं झालं. न्हाणीघर सोडून मी फोटो धुवायचं काम दुकानाच्या मागच्या खोलीत आणलं, पण वाळत घालायला गच्चीच हवी. आणि गच्ची तिची होती, कारण तिथे तिचे बोंबील वाळायचे. आठवडाभर आम्ही एकमेकींच्या दोऱ्या सरकवत होतो. शेवटी नेरूळच्या एका साखरपुड्याचे फोटो त्या घरी पोचले आणि तिथल्या सासूबाईंनी निरोप पाठवला की फोटो छान आहेत, पण त्यांना सुकटीचा वास येतो. मी हा निरोप रडवेल्या तोंडाने आजीला सांगितला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. दुसऱ्या दिवसापासून तिने बोंबील पूर्वेला आणि माझ्या माणसांना पश्चिमेला जागा करून दिली. "तुझी मानसं बी सुकतात, माझं बोंबील बी सुकतात. ऊन सगल्यांचंच हाय," असं म्हणाली. त्यानंतर रोज दुपारी ती माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायला लागली. मी मासे खात नाही हे तिला मोठं दुःख होतं. मग माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि लसणीची चटणी फडक्यात बांधून आणायची आणि मी जेवत असताना माझ्याकडे कीव केल्यासारखी बघत राहायची. मला ती फार आवडायची. तिचा फोटो काढायचं मी वरचेवर ठरवायचे आणि ती रोज तिथेच असते म्हणून राहून जायचं.

शेठच्या मुलीचं, वनिताचं लग्न ठरलं ते उरणजवळच्या मोऱ्याला. एके दिवशी सकाळी शेठ दुकानात आले, पासपोर्टच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले की फोटो तूच काढायचेस. तोवर गावातली सगळी लग्नं वाशीच्या एका मोठ्या स्टुडिओकडे जायची. त्यांच्याकडे दोन कॅमेरे, व्हिडिओ, छत्रीचे दिवे. माझ्याकडे एक कॅमेरा आणि चार्ज होताना शीळ घालणारा एक फ्लॅश. हे लग्न नीट झालं तर गावची लग्नं माझी, पार दिवाळे गावापर्यंतची माझी, आणि बिघडलं तर पासपोर्ट काढत बस, हे सांगायची गरज नव्हती. शेठनी फक्त एक गोष्ट सांगितली. "बाकी कसं बी काड. पन आय हलदीला गाताना पायजे. तिचा गला आता किती दिवस चालंल कोन जाने. तिचा फोटो नाय आमच्याकडं एक बी." मी हो म्हटलं. घरी जाऊन यादीत लिहिलंही: आजी, गाताना, एक.

ही यादी म्हणजे आमच्या घरचं संयुक्त काम. आईने पोळ्या लाटता लाटता सांगितली, मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहिली, आप्पांनी तिच्यावर आकडे घातले. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. त्यामुळे फुकट एक जाता कामा नये, ही माझी त्या काळातली धर्मश्रद्धा होती. आजही नातवंडं फोनवर एकाच आइस्क्रीमचे वीस फोटो काढतात तेव्हा मी मनातल्या मनात छत्तिसातून वजा करत असते. तर सीमांतपूजन चार, अंतरपाट तीन, मंगलाष्टकं सहा, कन्यादान, सप्तपदी, सूनमुख, विहिणींची पंगत. हळद? आई म्हणाली, हळदीला दोन पुरेत. हळद म्हणजे काय, दहा मिनिटांचं काम. पाच सवाष्णी बोटाने हळद लावतात, मुलगी आंघोळीला जाते. आमच्याकडे हळद अशीच असते. लग्नाच्या सकाळी, घाईघाईत, अर्ध्या लोकांच्या आंघोळी व्हायच्या असतात तेव्हा. माझ्या मावसबहिणीच्या हळदीला तर मी दात घासत होते. मी पाच कोरे रोल लग्नासाठी राखून ठेवले आणि आदल्या संध्याकाळी मांडवात गेले ती कॅमेऱ्यात आधीच अर्धा संपलेला रोल घेऊन. मनात म्हटलं, काटकसर झाली.

मांडव इमारतीमागच्या मोकळ्या जागेत होता, विहिरीला लागून. उंबराची फांदी बांधलेली, मोठमोठ्या टोपांत काही ना काही शिजत होतं, आणि कोपऱ्यात बँजोवाले वाद्यं जुळवत होते. मी पाचला पोचले. साडेपाचच्या सुमाराला बायकांनी देवांपुढे हळदीची वाटी ठेवली, वनिताला पाटावर बसवलं, पाच जणींनी तिच्या कपाळाला, हाताला, पायाला हळद टेकवली. आजी शेजारी बसून दोन ओळी गुणगुणली. मी दोन फोटो काढले. आजीचा एक काढला, पण नेमकी तेव्हा ती कुणाला तरी नारळ कुठे आहेत ते सांगायला वळली होती. गाताना मिळाली नाही म्हणून मी दुसराही काढला, त्यात तिचं तोंड मिटलेलं. म्हटलं, जाऊ दे, उद्या अंतरपाटाच्या वेळी गाईलच. माझ्यासाठी मुद्दाम वेगळं काढून ठेवलेलं वालाचं बिरडं आणि भाकरी जेवले. आठ वाजता बॅग भरली. वनिता मैत्रिणींच्या घोळक्यात होती, तिला लांबूनच हात केला. शेठ फाटकाशी पाहुणे घेत होते, त्यांनी मला जाताना पाहिलं आणि मान हलवली. मीही मान हलवली. माझी समजूत, ते म्हणतायत, झालं ना काम, जा. त्यांची समजूत, ही दुकानातून रोल आणायला चालली.

घरी येऊन मी झोपले. गावाकडून वाजपाचा आवाज वाऱ्यावर येत राहिला, इतका की आईने उठून खिडक्या लावल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी हा काय धांगडधिंगा, पोरीला जरा झोप तरी मिळू द्या, असं ती पुटपुटली. मलाही तिचं पटलं.

सकाळी सातला मी मांडवात पाय ठेवला आणि पहिल्यांदा मला ती जमीन दिसली. सगळी पिवळी. खुर्च्या पिवळ्या, टोपांचे कान पिवळे, विहिरीचा काठ पिवळा. बँजोवाला पाय पसरून झोपला होता, त्याच्या टकलावर चार बोटांची खूण. चहा देणाऱ्या बाईने "साखर हवी का" विचारलं तर तिच्या घशातून नुसती हवा आली. सगळ्या गावाचा घसा बसला होता. मी अजूनही उभी होते, काहीतरी चुकलंय हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं. तेवढ्यात वनिता आली. कानाच्या पाळ्यांपर्यंत हळदीने माखलेली, डोळे लाल, आणि चेहरा असा आनंदी की मी आधी तो तसा कधी पाहिला नव्हता. मला म्हणाली, "कुठं गेल्तीस तू? तू गेलीस आन हलद चालू झाली. आजी गाता गाता थांबली. बोलली, फोटोवाली रोल आनाला गेलीय, तिला येऊ दे. किती टाइम वाट बगितली तुझी." ती रागावून बोलत नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. संध्याकाळी मी पाहिली ती देवांना हळद दाखवण्याची रीत होती. खरी हळद त्या गावात रात्री जेवणं झाल्यावर सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते, आणि लग्नापेक्षा तीच मोठी असते. लग्नाला गाव जेवायला येतं, हळदीला गाव घरचं होतं. दोन वर्षं मी त्या माणसांच्या दारात बसत होते, त्यांची भाकरी खात होते, आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मी विहिरीमागे जाऊन रडले. लाज वाटत होती, भीतीही वाटत होती. गाळा जाईल, गावातली कामं जातील, हे सगळं डोक्यात होतंच, पण सर्वांत वर होती ती गाता गाता थांबलेली आजी. पदराने, म्हणजे ओढणीने, नाक पुसलं आणि वर पाहिलं तर समोर इमारतीची मागची भिंत होती. नवीन पांढरा चुना दिलेली. त्यावर हळदीचे हात उठले होते. शंभर तरी असतील. उंच, बुटके, लहान मुलांचे अगदी खाली, एक तर इतका वर की कुणीतरी कुणाच्या तरी खांद्यावर बसून उठवला असणार. सकाळचं तिरकं ऊन भिंतीवर आलं होतं. मी किती वेळ बघत राहिले सांगता येत नाही. मग कॅमेरा उघडला, अर्धा रोल काढून बाजूला ठेवला आणि कोरा भरला.

पुढचा तास-दीड तास मी जे काढलं ते कुठल्याच यादीत नव्हतं. भिंत पूर्ण काढली, मग जवळ जाऊन तुकड्या-तुकड्याने काढली. टकलावर खूण असलेला बँजोवाला. पाट्यावर वाळून चिकटलेली हळद आणि बाजूला पडलेला वरवंटा. दोरीवर वाळत घातलेला पिवळा झालेला सदरा. वनिताचे पाय. आणि पाट्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली चांगुणाआजी, तोंड किंचित उघडं, दोन्ही तळवे मांडीवर वर केलेले, पिवळेधमक. पाचांतले दोन रोल मी लग्न लागायच्या आत संपवले. माझ्या आईला हे कळलं असतं तर ती तिथेच खाली बसली असती. लग्न मग उरलेल्या तीन रोलमध्ये बसवलं. अंतरपाटाच्या वेळी आजी गायली नाही. तिचा आवाज पार बसला होता, तिने नुसते ओठ हलवले.

ते दोन रोल काढताना मला काय झालं होतं, हे मला आता नीट सांगता येतं, तेव्हा येत नव्हतं. तोवर मी दुसऱ्यांनी आधी ठरवलेले फोटो काढत होते. त्या सकाळी पहिल्यांदा मी बघितलं आणि मग काढलं. एवढा गुन्हा करून बसलेली असताना मला मधूनमधून आनंद होत होता, हेही कबूल करायला हवं.

रंगीत रोल वाशीच्या लॅबमधून धुऊन यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात आमच्या घरात या एकाच विषयाचा रवंथ चालला होता. आईला वाटत होतं की यादी तिची, म्हणजे चूक तिची. ती दोन दिवस नीट जेवली नाही. मग तिने उपाय काढला. सरळ सांगून टाक, हळदीच्या रोलमध्ये उजेड शिरला, सगळा काळा निघाला. आमच्या धंद्यात ही थाप फार जुनी आहे, निम्म्या महाराष्ट्राची मुंज-लग्नं त्या उजेडाने खाल्लेली आहेत. मलाही ती बरी वाटली, खोटं कशाला बोलू. आप्पा स्टुलावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे खापर धुणाऱ्याच्या डोक्यावर. तिथेही दाराशी कुणीतरी घड्याळ घेऊन बसलेलं असेल ना." एवढंच बोलले आणि पेपर उघडला. उजेडाची थाप तिथेच राहिली.

अल्बम घेऊन मी दुपारी गेले. शेठ माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसले होते, आजी शेजारी. तिचा आवाज अजून परतला नव्हता. डॉक्टरने सांगितलं होतं की वय झालं, आता गळ्याला त्रास देऊ नका. शेठनी अल्बम घेतला, पहिलं पान उघडलं, दुसरं, आणि विचारलं, हळद कुठं हाय? मी सांगितलं. मी घरी गेले होते. आमच्यात हळद दहा मिनिटांची असते. आठ वाजता मला वाटलं, झाली. रोल आणायला गेले नव्हते, झोपायला गेले होते. सांगताना मी त्यांच्या बोटाकडे बघत होते, तोंडाकडे बघवत नव्हतं.

"आठ वाजता?" शेठ म्हणाले. "आठ वाजता आमच्यात हलद भिजत पन नाय." मग त्यांनी पुन्हा पहिल्या पानावर जाऊन पाहिलं. "येकच गोष्ट सांगितली होती मी तुला, बाय. येकच." त्यांनी अल्बम मिटला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आजीने त्यांच्या हातातून अल्बम काढून घेतला. मांडीवर ठेवून उघडला आणि भिंतीचं पान आल्यावर थांबली. डोळे बारीक करून, पान नाकाशी नेऊन बघायला लागली. मग बोट टेकवून खरखरत्या आवाजात, एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "ही गोमी." बोट सरकलं. "ही नमी. हिचा अंगठा बग, पयल्यापासून वाकरा." तिसरा हात कुणाच्या सुनेचा, चौथा कुणाच्या नातवाचा. गावातल्या प्रत्येक हाताला तिने कधी ना कधी हळद लावलेली होती. शेठ आधी समोर रस्त्याकडे बघत होते. मग हळूच वाकून तेही बघायला लागले. ती भिंत त्यांनी लग्नानंतर, तीनच दिवसांपूर्वी, नव्या भाडेकरूंसाठी पुन्हा रंगवून घेतली होती, त्यामुळे ते हात आता त्या पानावर होते तेवढेच. आजीचं बोट सगळ्यांत वरच्या हातावर गेलं. मधल्या बोटाला वरचं पेर नव्हतं. शेठ आता शेठ झालो म्हणून हळद खेळणार नाही असं आठवडाभर सांगत होते, आणि कुणाच्या तरी खांद्यावर चढून त्यांनीच तो उठवला होता. आजीने त्यांच्याकडे पाहिलं. ते लाजले. एवढा मोठा माणूस लाजलेला मी पहिल्यांदा पाहिला.

आजी पान उलटत उलटत स्वतःच्या फोटोवर आली, झोपलेल्या, तळवे वर केलेल्या. पुन्हा मागे, भिंतीच्या पानावर गेली, त्या हातांवर आपला तळवा पसरून ठेवला, आणि गायला लागली. आवाज कसला, पिठाच्या चाळणीतून काहीतरी खाली पडावं तसा. पण धवला होता, सबंध. नवरीच्या अंगाला पहिली हळद कुणाची, दुसरी कुणाची, ते विचारणारा. गिरणीवाल्याने गिरणी बंद केली. शिंपी मशिनवरून उठून बाहेर आला. शेठनी माझ्याकडे पाहिलं आणि गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे मान हलवली. या वेळी त्या मानेचा अर्थ मला कळला.

कॅमेऱ्यात पासपोर्टचा काळापांढरा रोल होता. त्यावर मी तिचे फोटो काढले, मोजले नाहीत. त्यातला एक आजही आमच्या त्याच दुकानात दारासमोर लावलेला आहे. आता दुकानं तीन आहेत आणि माझी मुलगी ती चालवते, पण तो फोटो कुठल्या दुकानात लावायचा यावर आमच्यात वाद होत नाही. आजीच्या मांडीवर उघडा अल्बम, डोळे मिटलेले, तोंड उघडं, पाठीमागे माझ्या हाताने रंगवलेली दुकानाची पाटी. पानावरची हळद त्यात करडी आली आहे. पुढे मी दिवाळ्यापासून मोऱ्यापर्यंत किती हळदी काढल्या त्याचा हिशेब नाही. आई पुढच्याच महिन्यात माझ्याबरोबर एका हळदीला आली, पहाटेपर्यंत बसली आणि तीन दिवस पिवळे कान घेऊन वसाहतीत भाजी घ्यायला फिरली. आणि त्या दिवसापासून मी एक नियम केला, जो माझ्या मुलीलाही घालून दिलाय. कोणत्याही घरी गेलो तरी त्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारल्याशिवाय कॅमेरा बॅगेत ठेवायचा नाही.

आजीचं गाणं संपलं तेव्हा उन्हं पायरीवरून खाली उतरली होती. शेठनी आतून तांब्या आणून दिला. ती दोन घोट पाणी प्यायली, अल्बम मिटून मुलाच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळली.

"झाली आता हलद," ती म्हणाली. "आता जा घरी."